तेलाचं वाक्य

चि. पोरी,

नायजेरियातल्या ओगोनी लोकांच्या मुलखातल्या त्या परागंदा कार्यकर्त्याशी तू प्रबंधासाठी दोन तास बोललीस, आणि आता गाईड म्हणतात म्हणून त्यांचं निम्मं बोलणं कापायला निघालीस. 'एकांगी आहे, तोल साधा.' काप हवं तर. तेलाचं वाक्य तेवढं कापू नकोस.

हे सांगायचं तोंड मला नाही. नोव्हेंबर १९९५, मी रात्रपाळीचा उपसंपादक. एजन्सीची बातमी आली: ओगोनींचे लेखक-नेते केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना पोर्ट हारकोर्टमध्ये फाशी. पान लागलेलं, फ्रिजची दोन कॉलमी जाहिरात ऐन वेळी आलेली, जागा उरली सहा ओळींची. मी लष्करी राजवट ठेवली, राष्ट्रकुलाने नायजेरियाला निलंबित केलं तेही ठेवलं. तेल काढलं. ते शेवटच्या परिच्छेदात होतं आणि कात्री खालून चालते. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. केलंच असतं! पण सकाळी पेपर वाचणाऱ्याला ती नऊ माणसं कुठल्याशा राजकारणात मेली एवढंच कळलं.

ओगोनीत तेल लागलं १९५८ साली. ४ जानेवारी १९९३ ला लाखो ओगोनी रस्त्यावर उतरले ते त्यापायी. त्याच वर्षी शेलने तिथला उपसा थांबवला, पण पाइपलाइन राहिली आणि इतर ठिकाणचं तेल त्यांच्याच जमिनीतून वाहत राहिलं. २००८ मध्ये ओगोनीतल्याच बोडो गावच्या खाडीत ती पाइपलाइन दोनदा गळली. खारफुटीवर तेलाचा थर बसला की शिंपल्या वेचणाऱ्या बाईच्या हाती काय उरतं, हे तुला खाडीकाठच्या मुलीला मी काय सांगू? २०११ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण अहवालात तिथल्या निसिसिओकेन ओगाले गावच्या विहिरींत बेंझीन, म्हणजे कर्करोग करणारं रसायन, सापडलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त. सगळं निस्तरायला २५ ते ३० वर्षं लागतील असं त्यातच म्हटलंय. आता या बेंझीनची दुसरी बाजू कुठून आणणार आहेस?

तारखा चुकतात म्हणतेस. इतकी वर्षं परमुलखात काढलेल्या माणसाच्या चुकणारच. तपासायच्या तू.

मला खटकलं ते वेगळंच. मे १९९४ मध्ये जमावाने चार ओगोनी पुढाऱ्यांना मारलं, त्यावर तुझे कार्यकर्ते गप्प राहिले आणि तूही विचारलं नाहीस. पुन्हा फोन कर. चिडले तर चिडू देत. त्याच खुनांचा ठपका त्या नऊ जणांवर ठेवला गेला, खटला चालला खास न्यायाधिकरणापुढे, अपिलाची सोय नव्हती. हे सगळं लिही. चोरीचं कच्चं तेल खाडीकाठी उकळून इंधन काढणारे आहेत, तेही लिही. पण आधी तेल, मग बाकीचं. २०२५ मध्ये नायजेरियाने त्या नऊ जणांना माफी दिली. माफी! म्हणजे गुन्हा होताच, असं ना? बघ, मीही भरकटलो. तेल.

रविवारपर्यंत प्रकरणाचं फक्त पहिलं पान पाठव. दुसरं मी उघडणार नाही.

— काका