जोडप्यांना नाताळची छोटी भेट म्हणून कमी खर्चात खाऊचे हॅम्पर द्यायचे आहेत, थीम कोणती निवडावी?

‘दोघांची एक संध्याकाळ’ ही थीम घ्या आणि त्यात एकाच बेताचं सामान भरा: पास्ता, हॉट चॉकलेट किंवा सिनेमा बघताना खायचं पॉपकॉर्न, यांपैकी एकच. गेली काही वर्षं मी असे हॅम्पर घरीच बांधते. सुट्ट्या दहा वस्तूंपेक्षा एका बेताच्या चार वस्तू जास्त आवडतात, कारण त्या खरंच वापरल्या जातात. दहातल्या निम्म्या कपाटात पडून राहतात. पास्त्याचा बेत स्वस्तात होतो. दोघांना एका जेवणाला साधारण 200 ग्रॅम सुका पास्ता पुरतो, म्हणजे 500 ग्रॅमच्या पाकिटात दोन जेवणं होतात. सोबत टोमॅटो सॉसची बाटली, सुक्या हर्ब्जची छोटी डबी आणि एक चांगलं चॉकलेट. पैसे त्या एका चॉकलेटवर खर्च करा, बाकी साधं चालतं. तयार हॅम्परमध्ये बरीच किंमत टोपली आणि सजावटीचीच असते, म्हणून टोपलीऐवजी पास्ता निथळायची चाळणीच घ्या. पॉपकॉर्न असेल तर मोठा वाडगा, हॉट चॉकलेट असेल तर दोन मग. तीही भेटच झाली!

फक्त आधी दोघांच्याही खाण्याची चौकशी करा. शेंगदाणे, बदाम, दूध किंवा गव्हाची ॲलर्जी एकाला जरी असली, तरी तो बेत बदला. आणि टिकण्याची तारीख किमान दोन-तीन महिने पुढची हवी, कारण नाताळात घरोघरी आधीच भरपूर खाऊ असतो.