उन्हाळ्यात इंजिनाचे बोल्ट सैल होतात, अजून आवळू का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की बाइकचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचे, मे महिना लागला की हेडच्या जोडातून तेल झिरपून राहिलं अन् मेकॅनिक दरवेळी पाना लावून थोडं अजून आवळून देतो, तर स्टीलचे बोल्टच चुकीचे आहेत का. बोल्ट ठीक आहेत हो, ती आवळाआवळी आधी थांबवा.

तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट वाढतं. १०० मिलिमीटरचा तुकडा १०० अंशांनी तापला तर ॲल्युमिनियम ०.२३ मिमी वाढेल, स्टील ०.१२. म्हणजे गरम इंजिनात बोल्ट सैल नाही, उलटा जास्त ताणला जातो, लोकांना हेच उलटं वाटतं. त्या जोरात बोल्टच्या डोक्याखालचं मऊ ॲल्युमिनियम दबतं, मग इंजिन थंड झालं की धातू आकसतो पण दबलेला भाग काही वर येत नाही, अन् बोल्ट ढिला. मेकॅनिक आवळतो, अजून दबतं, शेवटी आटेच जातात. बोल्ट काढून त्याच्या बसायच्या जागेवर नख फिरवून पहा, चकचकीत गोल खड्डा लागला तर हीच भानगड आहे.

उन्हाचं म्हणाल तर आपल्या नागपुरात पारा ४५ ला जातो हे खरं, पण डिसेंबरच्या पहाटेशी फरक ३५ अंशांचा, इंजिन तर रोज किक मारली की १०० च्या वर जातंच, म्हणून सगळं पाप मे महिन्यावर ढकलू नका.

करायचं काय, तर डोक्याखाली कडक स्टीलचा जाड वायसर टाका म्हणजे जोर पसरतो (स्प्रिंग वायसरच्या भरवशावर राहू नका, तो ॲल्युमिनियम खरवडतो), आणि पूर्ण थंड इंजिनावर, सकाळीच, टॉर्क रेंचने (आवळायचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला अन् मॅन्युअलमधल्याच क्रमाने आवळा. आट्यांना तेल लावायचं की कोरडे ठेवायचे तेही त्यातच पहा, कारण तेल लावलं की घर्षण कमी होतं अन् त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. जागा असेल तर लांब बोल्ट घेऊन खाली स्टीलची नळी टाकतात, बोल्टची लांबी वाढते पण ॲल्युमिनियमची नाही, हा जुगाड नाही, रीतसर उपाय आहे.

ॲल्युमिनियमचेच बोल्ट लावू का असं कोणी सुचवेल. बीएमडब्ल्यूने कारच्या एन५२ इंजिनाच्या मॅग्नेशियमच्या क्रँककेसला (इंजिनाच्या मुख्य खोक्याला) तसे दिले होते, पण ते एकदा खोलले की फेकायचे, आपल्याला ते परवडत नाही.

आटे गेलेच असतील तर एम-सील भरू नका बाप्पा, चांगल्या लेथवाल्याकडून हेलिकॉइल (भोकात बसवायची स्टीलच्या तारेची आटेदार गुंडाळी) बसवून घ्या, स्टीलचे आटे मूळच्यापेक्षा जास्त टिकतात. अन् कोणता बोल्ट ढिला होतो ते लिहा, हेडचा असेल तर गॅस्केटही (जोडातली पातळ सील) बदलावं लागेल, नुसत्या कव्हरचा असेल तर रबर सील पहा.