तोंडात मोजा असला की ब्रुनो ओळखच दाखवत नाही

"मॅडम, एरवी गरीब आहे हो, पण तोंडात काही असलं की घरातल्यांवरच गुरगुरतो, सोडून द्यायचा का याला कुठे?" कुत्र्यांच्या वागण्यावर काम करते म्हणून असे फोन मला सारखे येतात, त्यातलीच ही एक केस. पिंपरीतला फ्लॅट, दोन वर्षांचा लॅब्राडोर कुत्रा, नाव ब्रुनो, घरात फोन करणाऱ्या ताई, त्यांचे साहेब, सात वर्षांची मुलगी आणि माळकरी आजोबा. ब्रुनो धुण्याच्या बादलीतनं मोजा उचलून दिवाणाखाली जायचा, मग सगळे मागे, कुणी झाडू आणतंय, कुणी जबडा उघडून ओढून काढतंय. आदल्या आठवड्यात ताईंच्या हातावर त्याने झडप घातली, दात नुसता लागला. (नुसता लागला तरी पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरला दाखवायचं, कुत्र्याला लस दिलेली असली तरीही.)

मी गेले तेव्हा मोजा चालूच होता. ताई दोन पावलं पुढे झाल्या आणि ब्रुनोचं चघळणं थांबलं, अंग लाकडासारखं ताठ, मान खाली मोज्यावर आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला. ताई म्हणाल्या, "बघा, आज गुरगुरला नाही." मी म्हटलं, अहो तो ओरडून सांगतोय, हे कुणी ऐकलं नाही की मग गुरगुर येते, आणि गुरगुरला म्हणून मारलात तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

साहेबांचं म्हणणं, तो 'अल्फा', म्हणजे घराचा म्होरक्या, व्हायला बघतोय. ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरनं आली, आणि ती लोकांपर्यंत नेणाऱ्या डेव्हिड मीच या लांडग्यांच्या अभ्यासकानेच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि पिल्लं. ब्रुनोला राज्य नको होतं. माणसाचा हात आला की वस्तू जाते एवढंच तो शिकला होता, आणि शिकवलं घरच्यांनीच.

आधी बादलीला झाकण, कुत्र्याकडे काही असेल तेव्हा मुलगी लांब, आणि व्हेटकडे कान-दात तपासून घेतले कारण दुखत असलं तरी कुत्री असं करतात. मग सुरुवात मोज्याने नाही, त्याला फारसं कौतुक नसलेल्या दोरीच्या खेळण्याने. सहा-सात फुटांवरनं जायचं, पनीरचा तुकडा टाकायचा, परत फिरायचं. घ्यायचं काहीच नाही. दिवसातनं दोनदा, पाच-पाच मिनिटं. तो ताठला तर आपण जास्त जवळ गेलो, लांबनंच करायचं. दहा-बारा दिवसांनी पावलं वाजली की तो मान वर करून बघायला लागला, तेव्हा कुठे अंतर कमी केलं, आणि मग 'सोड' म्हणून अदलाबदल, तीही बऱ्याचदा वस्तू परत देऊन.

"म्हणजे चोराला बक्षीस!" आजोबा म्हणाले. शंका चूक नव्हती, तिसऱ्या आठवड्यात ब्रुनो स्वतःच मोजा घेऊन ओट्यापाशी हजर. पण मला दिवाणाखाली लपणाऱ्यापेक्षा आणून देणारा कुत्रा कधीही चालेल, कारण मोजा गिळला तर आतडं अडकून ऑपरेशनची पाळी येते. तोंडात स्वतःचं खेळणं असतानाही पनीर द्यायला लावलं, आणि मोजे हळूहळू कमी झाले.

चार महिने झालेत. टिश्यू पेपर तो अजून सोडत नाही, त्यावर काम चालू आहे. परवा एकादशीला पनीर संपलं म्हणून आजोबांनी साबुदाणा वडा टाकला, आणि आता त्यांना तळलेलं देऊ नका हे पटवणं ब्रुनोपेक्षा अवघड चाललंय.