इंटरनेट आणि माध्यमांच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संस्थांमुळे खरोखर काही बदलते का?

आपला प्रश्न असा आहे की नेट न्यूट्रॅलिटी (म्हणजे दूरसंचार कंपनीने सगळ्या संकेतस्थळांना आणि ॲपना सारखीच वागणूक देणे), इंटरनेट शटडाउन, माध्यमांवरील नियंत्रण अशा विषयांवर सतत पत्रके काढणाऱ्या आणि सह्या गोळा करणाऱ्या ना-नफा संस्थांच्या हाती प्रत्यक्षात काही लागते का, आणि अशा संस्थेला दरमहा देणगी द्यावी का. मी काही वर्षे पुण्यातील एका ग्राहक संघटनेसाठी दूरसंचार क्षेत्रातील मसुद्यांवर हरकती-सूचना लिहिण्याचे काम केले आहे, त्यामुळे या कामाची पडद्यामागची बाजू थोडीफार माहीत आहे. माझे मत असे की जिथे निर्णय घेणाऱ्या यंत्रणेवर कारणे देण्याचे कायदेशीर बंधन असते तिथे या संस्था खरोखर फरक पाडतात, आणि जिथे तसे बंधन नसते तिथे त्यांची दमछाक होते. मोर्चा किती मोठा होता किंवा हॅशटॅग किती चालला, यावर फारसे काही ठरत नाही.

भारतातील सर्वांत गाजलेले उदाहरण घेऊ. २७ मार्च २०१५ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एक सल्लामसलत पत्र काढले. व्हॉट्सॲप, स्काइप यांसारख्या सेवांमुळे दूरसंचार कंपन्यांचे कॉल आणि एसएमएसचे उत्पन्न घटते आहे, तेव्हा अशा सेवांना परवान्याखाली आणावे का, आणि कंपन्यांना निरनिराळ्या ॲपसाठी निरनिराळा दर लावू द्यावा का, असा त्याचा रोख होता. पत्र ११८ पानांचे होते, त्यात २० प्रश्न होते आणि मते पाठवण्याची मुदत २४ एप्रिल ही होती. ज्याने असे पत्र कधी उघडून पाहिले असेल त्याला ठाऊक असेल की त्यातील एकेक प्रश्नाला दोन-तीन उपप्रश्न चिकटलेले असतात, प्रत्येकाचा संदर्भ मागच्या एखाद्या परिच्छेदाशी असतो, आणि उत्तर ‘सकारण’ द्यावे अशी सूचना असते. दूरसंचार कंपन्यांकडे यासाठी पगारी विभाग असतात. सामान्य ग्राहकाकडे रविवारची दुपार असते.

काही वकील, प्रोग्रामर आणि पत्रकारांनी एकत्र येऊन ‘सेव्ह द इंटरनेट’ या नावाने जी मोहीम चालवली तिचे खरे काम इथे होते. त्यांनी ती ११८ पाने वाचली, वीसही प्रश्नांची सोप्या भाषेतील उत्तरे लिहून काढली, आणि वाचकाला हवे ते बदल करून ती थेट ट्रायच्या पत्त्यावर पाठवता येतील अशी सोय एका संकेतस्थळावर केली. एका विनोदी गटाच्या चित्रफितीने हा विषय घरोघरी पोहोचवला आणि मुदत संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. दरम्यान, ज्या ॲपचा डेटा ग्राहकाला फुकट आणि त्याचे पैसे ॲपवाल्या कंपनीकडून, अशी ‘एअरटेल झीरो’ योजना ६ एप्रिलला जाहीर झाली होती. तिच्यातून फ्लिपकार्टने १४ एप्रिलला अंग काढून घेतले. (ट्रायने नंतर हे सारे ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट जाहीर केले. खासगीपणाच्या चळवळीला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.)

त्याच वर्षाच्या शेवटी याच्या उलट बाजूने एक मोहीम झाली, आणि दोन्हींची तुलना केल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने महाराष्ट्रासह सहा राज्यांत ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ सुरू केले होते, ज्याचे नाव सप्टेंबरमध्ये ‘फ्री बेसिक्स’ झाले. त्यात निवडक संकेतस्थळे फुकट पाहता येत आणि त्या यादीत येण्यासाठी फेसबुकने ठरवलेल्या तांत्रिक अटी मान्य कराव्या लागत. ९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने अशा भेदभावी दरांविषयी स्वतंत्र पत्र काढले, त्यात नेमके चार प्रश्न होते. यावर फेसबुकने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, मार्क झुकरबर्ग यांनी लेख लिहून महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला दिला, आणि आपल्या वापरकर्त्यांना एका बटणावर तयार पत्र पाठवता येईल अशी व्यवस्था केली. ट्रायकडे एकूण सुमारे २४ लाख प्रतिसाद आले आणि त्यांतील जवळपास १९ लाख फ्री बेसिक्सच्या पाठिंब्याचे होते. आकड्यांचाच खेळ असता तर निकाल तिथेच लागला असता.

तसे झाले नाही, कारण त्या तयार पत्रांत फ्री बेसिक्सचे कौतुक होते, पण चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. ट्रायने फेसबुकला पत्र लिहून ही बाब स्पष्ट शब्दांत सुनावली आणि संबंधितांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत असे कळवले. एप्रिलमधले दहा लाख ईमेलही बहुतांशी एकाच नमुन्यावर बेतलेले होते, हे मान्य केलेच पाहिजे. कोणी त्याला उत्स्फूर्त जनक्षोभ म्हणत असेल तर ती अतिशयोक्ती आहे. फरक एवढाच की त्या नमुन्यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुराच्या आधारे डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास मनाई करणारे विनियम काढले, उल्लंघनासाठी दिवसाला ५०,००० रुपये आणि कमाल ५० लाख रुपये दंड ठेवला, आणि सोबतच्या स्पष्टीकरणात दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांची दखल घेतली. त्यानंतर काही दिवसांतच फ्री बेसिक्स भारतातून गेले.

नियामक ही दखल घेतो ती भलेपणाने नव्हे. १९९७ च्या ट्राय कायद्याच्या कलम ११(४) नुसार प्राधिकरणाने आपल्या कामात पारदर्शकता राखणे बंधनकारक आहे. कॉल ड्रॉपची भरपाई ग्राहकाला देण्याचा ट्रायचा विनियम मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तेव्हा त्यामागील कारणांत पारदर्शकतेचा अभाव हेही एक कारण होते. त्या निकालाने ग्राहकांचे नुकसान झाले, हे मला तेव्हाही खुपले होते आणि आजही खुपते. पण मांडलेल्या मुद्द्याला उत्तर न देता नियामकाला पुढे जाता येणार नाही, हे सूत्र त्याच निकालाने पक्के केले. आमच्यासारख्या लोकांच्या दोन पानी हरकतीला वजन येते ते या सूत्रामुळे.

अमेरिकेतील अनुभवही संख्येविषयी हेच सांगतो. तिथे २००३ मध्ये स्थापन झालेली ‘फ्री प्रेस’ ही संस्था माध्यमांची मालकी मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटू नये आणि इंटरनेट खुले राहावे यासाठी काम करते. ही संस्था ज्यांच्यासाठी झटते ते नेट न्यूट्रॅलिटीचे नियम २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये गेले, २०२४ मध्ये पुन्हा आले आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ते रद्द केले. तिथल्या दूरसंचार नियामकाच्या २०१७ च्या सुनावणीत दोन कोटी वीस लाखांच्या आसपास अभिप्राय आले होते. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, चौकशीत त्यांतील सुमारे एक कोटी ऐंशी लाख बनावट निघाले. मेलेल्या माणसांच्या नावे मतदान होते हे आपण ऐकून असतो, इथे तर नियमांवर अभिप्रायही आले. सह्यांच्या आकड्यावर मी आता मुळीच भाळत नाही तो यामुळे.

आता जिथे कारणे देण्याचे बंधन कमकुवत आहे ती बाजू. इंटरनेट बंद करण्याचे आदेश गृह विभागाकडून निघतात, बहुधा काही तासांत, आणि त्यांवर कोणाच्याही हरकती मागवल्या जात नाहीत. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात किंवा त्याच वर्षी मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात बीड-जालन्याकडे ज्यांचे नेट गेले, त्यांतील कितीजणांनी तो आदेश डोळ्यांनी पाहिला असेल? ‘काश्मीर टाइम्स’च्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन यांच्या, ऑगस्ट २०१९ पासून जम्मू-काश्मीरमध्ये लागू झालेल्या इंटरनेट बंदीविरुद्धच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू शकत नाही. त्यानंतर ‘फाउंडेशन फॉर मीडिया प्रोफेशनल्स’ या पत्रकारांच्या ना-नफा संस्थेने जम्मू-काश्मीरमध्ये फोरजी परत मिळावे म्हणून दाद मागितली. मे २०२० मध्ये न्यायालयाने विशेष समिती नेमायला सांगितले, परंतु फोरजी प्रत्यक्षात परतले ते ५ फेब्रुवारी २०२१ रोजी, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून मोजले तर दीड वर्षाने. टाळेबंदीच्या काळात टूजीवर शाळा भरवून पाहिलेल्या शिक्षकाला हा विजय वाटला असेल, असे मी म्हणणार नाही.

तरीही हे प्रयत्न वाया गेले असे नाही. दिल्लीची ‘एसएफएलसी डॉट इन’ ही संस्था देशभरातील शटडाउनची नोंद ठेवते. संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात सरकारकडे अशा बंदीची एकत्रित नोंदच नाही यावर बोट ठेवले होते, हे लक्षात घेतले की स्वयंसेवी संस्थेने नुसता हिशेब ठेवण्यालाही किती मोल आहे ते कळते. शटडाउनविषयी नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या नियमांत आदेश कारणांसह प्रसिद्ध करण्याची तरतूद आहे. आता जिल्ह्याजिल्ह्यात ती पाळली जाते का, हे पाहत बसणारे कोणीतरी लागेल, आणि हे काम अतिशय कंटाळवाणे आहे.

मुंबई उच्च न्यायालयातील प्रकरणही आपल्या जवळचे आहे. माहिती तंत्रज्ञान नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारने स्वतःच्या कारभाराविषयीची कोणती बातमी खोटी वा दिशाभूल करणारी, हे ठरवण्यासाठी सरकारीच तथ्य-तपासणी कक्ष आणण्याचे योजले होते. विनोदकार कुणाल कामरा, संपादकांची संघटना असलेली एडिटर्स गिल्ड आणि नियतकालिकांची संघटना न्यायालयात गेली. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते विभागली गेली, प्रकरण न्या. अतुल चांदुरकर यांच्याकडे गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरली. नियमाचा मसुदा आल्याच्या दिवसापासून संस्थांनी त्यातील शब्दन्‌शब्द तपासून टिपणे तयार केली नसती, तर अशा याचिका इतक्या लवकर उभ्या राहिल्या नसत्या.

मात्र इंटरनेट स्वस्तात आणि सर्वांपर्यंत पोहोचवण्याच्या बाबतीत या चळवळीची बाजू मला लंगडी वाटते. फ्री बेसिक्सला विरोध करताना ‘अर्धवट इंटरनेट नको’ हे ठासून सांगितले गेले आणि ते बरोबरच होते. हवामान आणि बाजारभाव कुठे पाहायचा, हे झुकरबर्ग यांच्या लेखातील त्या शेतकऱ्यानेच ठरवायला हवे. पण मग पुरे इंटरनेट त्याला कोण देणार, याचे उत्तर मोहिमेकडे नव्हते. डेटाचे दर कोसळले ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरल्यामुळे, त्यात कोणत्याही संस्थेचे श्रेय नाही. आयआयटी मुंबईचा पालघरमधील ‘ग्राम मार्ग’ प्रकल्प, ज्यात दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून गावांत इंटरनेट नेण्याचे प्रयोग झाले, किंवा डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशनची गावपातळीवरील बिनतारी जाळी, ही कामे मोलाची असूनही प्रयोगाच्या आकारातच राहिली. टॉवर न उभारण्याची कारणे कोणाला द्यावी लागत नाहीत, ही इथली अडचण आहे.

माध्यमसुधारणेत याहूनही जुनी रखडगाथा सामुदायिक रेडिओची, म्हणजे गावापुरत्या वा वस्तीपुरत्या चालणाऱ्या केंद्रांची आहे. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले. तरी स्वयंसेवी संस्थांना केंद्र काढण्याची मुभा मिळायला नोव्हेंबर २००६ उजाडले. तेलंगणातील माचनूरच्या दलित स्त्रियांचे ‘संघम रेडिओ’ २००८ मध्ये सुरू झाले आणि माण तालुक्यात म्हसवडलाही ‘माणदेशी तरंग’ चालते. अशा केंद्राला गावातल्या पाण्याच्या टाकीविषयी कार्यक्रम करता येतो, परंतु स्वतःची बातमीपत्रे देता येत नाहीत, आकाशवाणीचीच सहक्षेपित करावी लागतात. ‘कॉमन कॉज’ या जनहित याचिका करणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्याच गावातील कोणताही तरुण यूट्यूबवर रोज बातम्या देऊ शकतो, हे पाहता ही बंदी कशासाठी टिकून आहे हे मला अद्याप समजलेले नाही.

देणगीविषयी माझा सल्ला असा. संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन तिने गेल्या वर्षभरात कोणत्या सल्लामसलत पत्रांना उत्तरे दिली, कोणत्या माहिती अधिकार अर्जांची उत्तरे मिळवली आणि कोणत्या न्यायालयात ती उभी आहे, हे आधी पाहावे. सेव्ह द इंटरनेटच्या स्वयंसेवकांतूनच २०१६ मध्ये उभी राहिलेली ‘इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन’ आपले जमाखर्च लोकांसमोर ठेवते. इतरांकडूनही तेवढीच अपेक्षा करावी. पैसा दूरसंचार कंपन्यांकडून किंवा मोठ्या इंटरनेट कंपन्यांकडून येतो का, हे स्पष्टपणे विचारावे, आणि उत्तर गोलमाल आले तर तिथे थांबावे. केवळ याचिकांवर सह्या घेणाऱ्या, परंतु त्या सह्यांचे पुढे काय झाले हे न सांगणाऱ्या संस्थेला मी स्वतः काही देत नाही. पैसे देणे शक्य नसेल तर ट्रायच्या पुढच्या पत्रातील एखाद्या प्रश्नाचे उत्तर स्वतः लिहावे: प्रश्न क्रमांक घालावा, एक मुद्दा आणि त्यामागचे कारण मांडावे, आपल्या गावातील नेटचा अनुभव तारखेसह जोडावा, आणि मुदतीच्या आत पाठवावे.