बॅकलॅश टेबलच्या मध्यावर मोजा, मग क्लाइंबचं ठरवा

"हँडल हातातून आपोआप फिरलं आणि कटर तुटला" हे तुमचं वाक्य वाचलं आणि बाकीचं न वाचताच काय झालं असणार ते कळलं. नऊ वर्षांपूर्वी माझ्या हातातूनही ते तसंच फिरलं होतं.

तुमची जुनी हातची मिलिंग, ३०४ स्टेनलेसची पट्टी, १० मिमीची एंडमिल. कन्व्हेन्शनलने (कटर टेबलाच्या फीडविरुद्ध फिरवून, म्हणजे टेबलाच्या चालीविरुद्ध) फिनिश खराब येत होती. व्हीएमसीवाले (सीएनसी मिलिंगवाले) सगळे क्लाइंब मारतात, म्हणजे कटर फीडच्याच दिशेने कापतो, फिनिश चांगली येते, म्हणून तुम्हीही मारलं. आता विचारताय की कटर बोगस होता का. माझ्या मते कटरचा काही दोष नाही. अप मिलिंग म्हणजे कन्व्हेन्शनल, डाऊन मिलिंग म्हणजे क्लाइंब, ते तुम्हाला येतंय, त्यामुळे जास्त सांगत नाही.

माझी चूक सांगतो. सेकंडहँड व्हर्टिकल मशीन घेतली तेव्हा मी बॅकलॅश (टेबलाच्या स्क्रू आणि नटमधली ढिलाई) मोजला होता, नाही असं नाही. पण मोजला टेबल एका टोकाला नेऊन, कारण तिथे डायलचा (बारीक हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या गेजचा) स्टँड लावायला सोपं होतं. ०.१५ मिमी आला. जुन्या मशीनला हे छानच म्हणायचं, असं समजून निर्धास्त झालो. आता स्क्रू झिजतो कुठे? जिथे रोज काम होतं तिथे, म्हणजे मधे. टोकाकडचे आटे जवळजवळ नवे असतात. आणि जॉब आपण बांधतो मधेच.

जॉब होता बिडाचं हाउसिंग, गिऱ्हाइकाचं. बोअर आधीच बाहेरून करून आलेले. बाजूची एक फेस तेवढी राहिली होती. कन्व्हेन्शनलने रफ केली, शेवटचा १ मिमी फिनिश चांगली यावी म्हणून क्लाइंबने घेतला. २० मिमीचा चार दातांचा एचएसएस (हायस्पीड स्टीलचा) कटर, ४०० आरपीएम, मिनिटाला ६० मिमी फीड. हिशेब केलात तर दाताला ०.०४ मिमीसुद्धा येत नाही. पण क्लाइंबमध्ये कटरच टेबलाला फीडच्या दिशेने ओढतो. नटमध्ये जेवढी ढिलाई आहे तेवढं टेबल एका झटक्यात पुढे जातं आणि समोर आलेला दात ते सगळं एकदम खातो. नंतर मधे मोजलं तर बॅकलॅश ०.६२ मिमी निघाला. म्हणजे ठरवलेल्याच्या सोळापट घास. कटर गेला, जॉब व्हाइसमध्ये फिरला आणि हाउसिंगचा कान तुटला. त्या एका कानापायी झालेली भरपाई मशीनच्या दोन हप्त्यांएवढी होती.

त्याहून जास्त मनस्ताप दिला तो ज्यांच्याकडून मशीन घेतली त्यांच्या ऑफिसने. नट बदलून द्या म्हणून तीन वेळा गेलो. दर वेळी "ऑपरेटरची चूक आहे". शेवटी माणूस पाठवला, त्याने टेबल टोकाला नेऊन डायल लावला आणि कागदावर "०.१५, ओके" लिहून माझी सही मागितली. मी म्हटलं, दादा, मधे लावून बघा ना. म्हणाला, आमची पद्धत हीच. अजून आठवलं की चीड येते. सही केली नाही, एवढंच समाधान.

तर आधी हे करा. गिब (टेबलाच्या सरकण्यातली ढिलाई काढणारी पट्टी) नीट आवळा. डायल टेबलाला टेकवा, हँडल एका बाजूला फिरवून काटा हलू द्या, हँडलवरची मापाची रिंग शून्यावर आणा, मग उलट फिरवा. काटा हलेपर्यंत रिंगवर जेवढं जातं तो बॅकलॅश. डावीकडे, मधे, उजवीकडे, तिन्हीकडे घ्या, वायलाही (टेबलाच्या पुढे-मागे चालीलाही) घ्या. मधे आणि टोकाला मोठा फरक असेल तर मधल्या मापाला नट आवळू नका, टोकाला टेबल जाम होईल. तिथे स्क्रूच बदलावा लागतो.

तोवर माझं मत: रफ सगळं कन्व्हेन्शनलने. क्लाइंब फक्त शेवटच्या ०.०५ ते ०.१ मिमीला, तेही टेबलाचा लॉक हलका आवळून. मी तुमची मशीन पाहिलेली नाही, तेव्हा पहिला कट भंगारच्या तुकड्यावर घ्या. बॉलस्क्रूच्या (नटमध्ये गोळ्या असलेल्या, ढिलाई जवळजवळ नसलेल्या स्क्रूच्या) चांगल्या मशीनला यातलं काही लागू नाही. तिथे बिनधास्त जी४१ (कटर जॉबच्या डाव्या बाजूला ठेवणारा सीएनसी कोड) लावून क्लाइंब मारा.

३०४ ला कन्व्हेन्शनलची एक खोड आहे. दात शून्य जाडीपासून सुरू होतो, आधी घासतो, आणि घासलं की हे मटेरियल कडक होतं. म्हणून धारदार कटर घ्या, कूलंट सोडा आणि भीतीपोटी फीड फार कमी करू नका. तुमची फिनिश खराब येत होती ती बहुतेक यामुळेच.

आणि दिशेत गोंधळ होत असेल तर असं बघा: टेबल नाही, कटरच पुढे चाललाय असं धरा आणि त्याच्या वाटेकडे तोंड करा. जॉब उजव्या हाताला आला तर क्लाइंब, डाव्या हाताला आला तर कन्व्हेन्शनल. स्पिंडल वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तरच हे खरं. मी अजूनही प्रत्येक नवीन जॉबला कटर बंद असताना हे एकदा हाताने दाखवून बघतो, मगच स्विच दाबतो.