वारकरी घरातून न्यू कॉलेजात : थिऑलॉजीबद्दल विचारणाऱ्या एकाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात तत्त्वज्ञानात एम. ए. झालंय, घर वारकरी, आणि स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठात थिऑलॉजी (ईश्वर आणि श्रद्धा यांचा अभ्यास) व इंटरफेथ (धर्माधर्मांतल्या) संबंधांवर एक वर्षाचं मास्टर्स करायचं आहे. ख्रिस्ती नसलेल्याला घेतात का? पुढे नोकरीचं काय? आणि ‘पोरगा बाटेल’ म्हणणाऱ्या आईला काय सांगायचं? मी हेच शिकायला आले आणि इथेच राहिले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घेतात. न्यू कॉलेज म्हणजे विद्यापीठाचं डिव्हिनिटी स्कूल, थिऑलॉजी शिकवणारा विभाग. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली, तेव्हा बाहेर पडलेल्या फ्री चर्चने ते काढलं. अंगणात अजून स्कॉटिश धर्मसुधारक जॉन नॉक्सचा पुतळा हात उगारून उभा आहे आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचे होऊ घातलेले पाद्री आजही इथेच शिकतात. पण पदवी विद्यापीठाची आहे, प्रवेश तुमच्या आधीच्या अभ्यासावर मिळतो, श्रद्धेवर नाही. वर्गात पाद्री होऊ पाहणारी स्कॉटिश बाई, आफ्रिकेतला एखादा पास्टर आणि देवाचं नावही न काढणारा तरुण एकाच टेबलाशी बसतात.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी तुमच्याकडे वळून विचारणार, ‘हिंदू धर्म याबद्दल काय म्हणतो?’ हा सापळा आहे. सगळ्या हिंदूंच्या वतीने बोलायला जाल तर शाळेतल्या निबंधासारखं काहीतरी निघेल. त्यापेक्षा ‘आमच्या घरी वारीत जे म्हणतात ते असं’ म्हणून एक अभंग पुढे ठेवा. इथे स्क्रिप्चरल रीझनिंग नावाची पद्धत चालते : ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान आपापल्या ग्रंथातला उतारा आणतात आणि सगळे मिळून वाचतात. एकमत व्हावं अशी अपेक्षाच नसते. आपल्याकडे मुळात ग्रंथ कोणता आणायचा इथूनच सुरुवात. वेद, गीता, ज्ञानेश्वरी की तुकोबा? त्या वादावरच एक चांगला टर्म पेपर होतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्याकडे जे भांडवल आहे ते तत्त्वज्ञानाची पदवी नव्हे, मराठी आहे. १८२९ साली मुंबईत उतरलेला स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन, ज्याच्या नावाचं विल्सन कॉलेज आहे, तो एडिंबरातच शिकलेला. हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्याचा १८३१ मध्ये जो वाद झाला तो मराठीत छापलेला आहे. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. पुण्यातला स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकल आपल्या संतांचे अभंग इंग्रजीत नेत होता. धर्मसंवाद म्हणा, धर्मकलह म्हणा, या माणसांनी तो दोन्ही अंगांनी केला. मिशनऱ्यांचे कागद इथे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत, कॉलेजपासून चालत पाच मिनिटांवर. त्यांची इंग्रजी बाजू वाचणारे पुष्कळ. मोरभटांचं मराठी वाचू शकणारा वर्गात बहुधा तुम्ही एकटेच असाल. जागतिक ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचं केंद्रही याच कॉलेजात आहे, तेव्हा विषय कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. अर्जातल्या निवेदनात ‘मला सर्व धर्मांविषयी आदर आहे’ असलं काही लिहू नका. हे लिहा.

(या वाटेने आपल्याकडून आधीही कुणी आलंय. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून गेले. आईला हे जरूर सांगा.)

बाटण्याचं म्हणाल तर हा देशच चर्चपासून दूर चाललाय. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या ५१ टक्के लोकांनी ‘कोणताही धर्म नाही’ असं नोंदवलं. एडिंबराच्या लीथ भागातलं हिंदू मंदिर आणि गुरुद्वारा, दोन्ही जुन्या चर्चच्या इमारतींत आहेत. विद्यार्थ्यांचे ख्रिस्ती गट जेवायला बोलावतात, जरूर जा. फुकटचं सूप आणि चांगल्या गप्पा. मध्यवर्ती मशिदीशेजारच्या मॉस्क किचनमधली डाळ-करी मात्र विसरू नका. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो, तेव्हा तिचा आधार वाटतो.

पैशाचं स्पष्ट बोलते. या पदवीसाठी घर गहाण टाकून कर्ज काढू नका. व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभारच वर्षाला ७७६ पौंड आहे, आणि व्हिसा बारा महिन्यांहून जास्त मिळत असल्याने दीड वर्षाचा भरावा लागतो. व्हिसासाठी खर्चाची म्हणून दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस कमी होता कामा नये. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सवर जानेवारी २०२४ पासून नवरा-बायको-मुलं आणता येत नाहीत. शिक्षणानंतर नोकरीसाठी राहू देणारा ग्रॅज्युएट व्हिसाही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसाला सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड. नुकत्याच शिकून निघालेल्यांना थोडी सूट मिळते, तरी इंटरफेथ संस्था तेवढा पगार क्वचितच देतात. त्यांचा भरवसा किती, तर यूकेचं इंटर फेथ नेटवर्क १९८७ पासून चालू होतं, सरकारने निधी थांबवला आणि २०२४ मध्ये ते बंद पडलं. इथे राहायला मिळेल या हिशोबाने येत असाल तर विषय बदला. परत जाऊन पीएचडी, पत्रकारिता किंवा अध्यापन करायचं असेल तर हे वर्ष सोन्याचं आहे.

चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षांसाठी भारतात परतावं लागतं. तुमच्या बेताला ते उलट सोयीचंच. अनुसूचित जाती वा नवबौद्ध असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. हा विषय तीत बसतो का ते यंदाच्या जाहिरातीत पाहून घ्या.

तोवर पुण्यातच एक करा. नगर रोडला रामवाडीत जेझुइटांची (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) ‘ज्ञानदीप’ ही संस्था आहे. तिथल्या ग्रंथालयात बसायची परवानगी काढा, एखाद्या प्राध्यापकाशी बोला. महिनाभर ख्रिस्ती थिऑलॉजीची पुस्तकं वाचून कंटाळा आला, तर विमानाच्या तिकिटाआधीच कळलेलं बरं. आणि राहायची खोली जूनमध्येच पक्की करा. ऑगस्टात इथे फेस्टिव्हल असतो, भाडी आभाळाला भिडलेली असतात.