एस्पेरांतोतली क्रियापदे : मराठी सवयी कुठे आड येतात

'मी वाचतो' आणि 'मी वाचत आहे', दोन्हींना 'मि लेगास'च? (नौपाडा, ठाणे)

हो. झामेनहोफ यांनी १८८७ साली एस्पेरांतो ही मुद्दाम रचलेली आंतरराष्ट्रीय भाषा मांडली, तेव्हा मुख्य क्रियापदाच्या प्रत्ययाकडे काळच दिला : वर्तमानाला आस, भूताला इस, भविष्याला ओस. वाचन या घडीला चालू आहे की रोजचे, हे शेजारचा शब्द सांगतो. 'मि लेगास नुन' म्हणजे आत्ता वाचतोय, 'मि लेगास चिउतागे' म्हणजे रोज वाचतो. 'मि एस्तास लेगांता' चूक नाही, पण प्रत्येक 'त आहे'साठी ते वापरले की बोलणे जड होते.

'गाडी ठाण्याला पोचली तेव्हा मी पुस्तक वाचले होते' हे कसे म्हणायचे? 'मि एस्तिस लेगिस' चालेल? (ऐरोली)

नाही. त्यात काळ दोनदा लागला. साहाय्यक क्रियापदाने फक्त आपण कोणत्या काळात उभे आहोत ते सांगायचे. त्या क्षणी क्रियेची स्थिती काय, ते धातुसाधिताने. चालू असेल तर आंत, झालेली असेल तर इंत, व्हायची असेल तर ओंत. 'एस्तिस लेगांता' वाचत होतो, 'एस्तिस लेगिंता' वाचले होते, 'एस्तिस लेगोंता' वाचणार होतो. 'एस्तोस लेगिंता' म्हणजे वाचलेले असेल. असे तीन गुणिले तीन, नऊ संयोग होतात.

मराठी माणूस अडखळतो तो पुढच्या पायरीवर. आपण 'पुस्तक वाचले होते, कादंबरी वाचली होती' म्हणतो. क्रियापद कर्माकडे बघते. एस्पेरांतोत धातुसाधित कर्त्याकडे बघते : एकटा असेन तर 'लेगिंता', आम्ही असू तर 'लेगिंताय', पुस्तके कितीही असोत. आणि कर्माला न लागतोच, 'ला लिब्रोन'. भूतकाळात तो हमखास गळतो, कारण आपल्या 'पुस्तक'ला तिथे काहीच लागत नाही.

रोजच्या बोलण्यात मात्र मी 'मि याम त्रालेगिस ला लिब्रोन' हेच सुचवीन. 'याम' म्हणजे आधीच, 'त्रा' म्हणजे शेवटपर्यंत. तसेच 'एक' हा उपसर्ग आरंभ दाखवतो ('एकलेगिस', वाचू लागलो) आणि 'आद' हा प्रत्यय सातत्य किंवा सवय ('लेगादिस', वाचत असे). आपला रीतिभूतकाळ इथे सुखाने बसतो.

इमारत १९८५ साली बांधली गेली : कोन्स्त्रुआता की कोन्स्त्रुइता? (वाशी)

कोन्स्त्रुइता. कर्मणी रूपात आंत, इंतच्या जागी आत, इत येतात. 'एस्तिस कोन्स्त्रुआता' म्हटले तर तेव्हा काम चालू होते, एवढाच अर्थ निघतो. यावर दीर्घ वाद झाला. एस्पेरांतो अकादमीने १९६७ साली कौल दिला तो 'इता' म्हणजे पूर्णता, या बाजूने.

'तो म्हणाला, मी येईन' यात 'येईन'चा काळ बदलतो का? (घणसोली)

बदलत नाही : 'लि दिरिस, के लि वेनोस'. सर्वनाम बदलले, काळ मूळ बोलण्यातलाच राहिला. इंग्रजीच्या सवयीने 'वेनुस' लिहिले जाते. पण उस हा संकेतार्थ आहे, 'आला असता' किंवा 'आला तर' असा. इथे इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीवर भरवसा ठेवा.